गच्चीवर गुरांची हाडं वाळत घालणारा प्रोफेसर, ज्याच्या हातून देशातली पहिली औषध कंपनी उभी राहिली

१८९० च्या दशकातली गोष्ट. कलकत्त्याच्या अप्पर सर्क्युलर रोडवर ९१ नंबरचं एक भाड्याचं घर होतं. तिथं राहणारा माणूस प्रेसिडेन्सी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. जमीनदाराच्या घरात जन्मलेला, एडिंबरा विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवून आलेला.

आणि एके दिवशी या माणसानं राजाबाजारच्या खाटकांकडून गुरांची हाडं विकत आणली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली.

महिना जानेवारीचा. बंगालमध्ये हे दिवस कोरडे असतात, त्यामुळं हाडं लवकर वाळतील असा हिशोब होता. पण त्या वर्षी नेमका पाऊस लागला आणि थांबेचना. हाडांना चिकटलेलं मांस कुजलं, अळ्या पडल्या, वास सुटला. कावळ्यांची तर मजाच झाली. चोचीत तुकडे उचलायचे आणि शेजाऱ्यांच्या घरांवर टाकायचे. वस्ती हिंदूंची. लोक संतापले. हा प्रकार थांबवा, नाहीतर नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडं जाऊ, इथपर्यंत गोष्ट गेली.

शेवटी हाडं शहराच्या कडेला माणिकतल्याला हलवली आणि तिथं रात्री ढीग रचून पेटवून दिली. रात्रीच्या वेळी आग आणि आगीत हाडं. पोलीस हजर. कुणाचा तरी खून करून मुडदा जाळताहेत, असा त्यांचा संशय.

प्रत्यक्षात तिथं जळत होता तो एका क्षाराचा कच्चा माल. आणि हे सगळं करणाऱ्या प्रोफेसरचं नाव होतं प्रफुल्लचंद्र राय. इंग्रजी पुस्तकांत पी. सी. रे, बंगालमध्ये आचार्य राय.

आजारपणानं शाळा सुटली, पण वाचन लागलं

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा. गाव राडुली, तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यातलं. आज ते बांगलादेशात येतं. वडील हरिश्चंद्र राय जमीनदार, पण पुस्तकांचे शौकीन. घरात स्वतःचं ग्रंथालय होतं.

मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब कलकत्त्याला आलं आणि प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले. पण १८७४ साली त्यांना आमांशानं असं गाठलं की शाळा सोडावी लागली. साधारण दोन वर्षं गेली. पचन आणि झोप या दोन गोष्टी तेव्हा बिघडल्या त्या आयुष्यभरासाठी. या काळात वडिलांच्या ग्रंथालयातली पुस्तकं मात्र त्यांनी वाचून काढली.

पुढं ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले. तिथं विज्ञानाची सोय नव्हती. म्हणून केमिस्ट्रीच्या तासांना प्रेसिडेन्सी कॉलेजात जाऊन बसायचे. तिथले अलेक्झांडर पेडलर प्रयोग करून दाखवत शिकवायचे. इतिहास-साहित्यात रमणारा मुलगा केमिस्ट्रीकडं वळला तो इथं. १८८२ साली त्यांनी गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवली आणि एडिंबरा गाठलं.

दोन क्षार एकत्र विरघळवले तर काय होतं?

एडिंबऱ्यात त्यांनी डी.एस्सी. साठी जो विषय घेतला, तो समजून घ्यायला शाळेतला एक प्रयोग आठवा.

मोरचुदाचे निळे स्फटिक बनवायचा प्रयोग. सौम्य सल्फ्युरिक आम्ल कोमट करायचं. त्यात काळं कॉपर ऑक्साइड थोडं थोडं टाकत राहायचं, विरघळायचं थांबेपर्यंत. उरलेली काळी भुकटी गाळून टाकायची. निळं द्रावण तापवून थोडं आटवायचं आणि मग हात न लावता थंड होऊ द्यायचं. तळाशी निळे स्फटिक जमतात. ते टिपकागदावर कोरडे करायचे.

या प्रत्येक पायरीला कारण आहे. ऑक्साइड जास्त का टाकायचं? तर आम्ल शिल्लक राहू नये म्हणून. उरलेली भुकटी गाळता येते, पण पाण्यात मिसळलेलं आम्ल गाळता येत नाही. द्रावण पूर्ण सुकेपर्यंत का तापवायचं नाही? तर पाणी पूर्ण उडालं की द्रावणातली घाणही क्षाराबरोबर भांड्यात बसते. हळूहळू थंड केलं तर स्फटिक आपल्यासारखेच कण निवडून रचत जातो आणि थोड्या प्रमाणात असलेली घाण बहुतेक सगळी पाण्यातच राहते. आणखी शुद्ध हवं असेल तर तेच स्फटिक पुन्हा गरम पाण्यात विरघळवायचे आणि पुन्हा थंड करायचे.

पण यात एक अडचण आहे. काही क्षारांचे स्फटिक एकमेकांसारखेच असतात. झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट घ्या. एकाच्या रचनेत दुसरा सहज बसतो. मग हाती येतो तो स्फटिक दिसायला एकदम सुबक, पण आत दोघांची भेसळ. ही नुसती भेसळ आहे की दोन क्षार ठरावीक प्रमाणात एकत्र येऊन नवा जोडक्षार झालाय, हे ओळखायचं कसं?

तांबं आणि मॅग्नेशियम यांच्या गटातल्या सल्फेटांवर प्रफुल्लचंद्रांनी नेमका हाच अभ्यास केला. १८८७ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. दिसायला सुंदर म्हणजे शुद्ध असं नसतं, हा धडा त्यांनी इथंच पक्का केला.

अडीचशे रुपये पगार आणि वरची दारं बंद

१८८८ साली ते परतले. हातात परदेशी डॉक्टरेट, पण नोकरी नाही. शिक्षण खात्यातल्या वरच्या जागा जवळपास इंग्रजांसाठीच राखून ठेवल्यासारख्या होत्या. हे जवळजवळ वर्ष त्यांनी मित्राच्या घरी काढलं. मित्र म्हणजे जगदीशचंद्र बोस.

१८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात तात्पुरती जागा मिळाली, पगार महिना २५० रुपये. त्याच कामासाठी वरच्या श्रेणीतल्या इंग्रज प्राध्यापकांना कितीतरी जास्त मिळायचे.

तक्रार करत बसण्यापेक्षा त्यांनी आजूबाजूला बघायला सुरुवात केली. आधी बाजारातलं तूप आणि मोहरीचं तेल तपासलं. कशात काय मिसळतात, ते कसं ओळखायचं, यावर त्यांनी काम केलं आणि १८९४ साली ते प्रसिद्ध झालं.

दुसरी गोष्ट त्यांना जास्त टोचत होती. शिकलेला बंगाली तरुण कारकुनीच्या मागं धावतोय आणि दवाखान्यातली जवळपास प्रत्येक बाटली विलायतेतून येतेय. क्षार, आम्लं, औषधं, सगळं. यातल्या बऱ्याच क्षारांसाठी लागणारा माल तर इथंच पडलेला होता. उदाहरणार्थ, हाडं.

हाडांपासून औषधापर्यंत

माणिकतल्याच्या त्या रात्री जाळलेल्या हाडांचं पुढं काय झालं?

हाड पूर्ण जाळलं की मांस, चरबी, सगळं जातं. मागं पांढरी राख उरते. ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. हे पाण्यात विरघळत नाही. त्यावर सल्फ्युरिक आम्ल टाकलं की विरघळणारं फॉस्फेट तयार होतं आणि कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, खाली बसतं. ते गाळून काढायचं. गाळलेल्या पाण्यात सोडा घालायचा. फेस येतो, आम्लपणा मरतो. शिल्लक राहिलेलं कॅल्शियम परत गाळात येतं, तेही काढून टाकायचं. आता पाण्यात राहतं सोडियम फॉस्फेट. ते आटवायचं, थंड करायचं, स्फटिक पडू द्यायचे.

सोडियम फॉस्फेट त्या काळी सौम्य रेचक म्हणून डॉक्टर लिहून द्यायचे आणि हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट टॉनिकमध्ये जायचं. म्हणजे शाळेच्या प्रयोगातल्या त्याच पायऱ्या, फक्त चंचुपात्राच्या जागी मोठी भांडी.

वर्गात ते यावरून एक प्रयोग करायचे. हाडाची राख चिमूटभर घ्यायची आणि मुलांसमोर सरळ तोंडात टाकायची. समोर बसलेली मुलं बहुतेक उच्चवर्णीय हिंदू घरांतली. त्यांच्या दृष्टीनं हा विटाळच. पण प्रफुल्लचंद्रांचं म्हणणं असं की जळल्यावर हाडाचं हाडपण उरतच नाही. हे आता कॅल्शियम फॉस्फेट आहे. ते गाईचं होतं की म्हशीचं, हे कुठल्याही रासायनिक तपासणीत कळणार नाही. मग विटाळ कशाचा?

त्यांच्या शेजाऱ्यांची शुद्धतेची कल्पना वेगळी होती आणि त्यांची वेगळी. वस्तू कुणाच्या हातून आली, कशातून आली, हा त्यांच्यासाठी प्रश्न नव्हता. तिच्यात आत्ता काय आहे, हा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर परीक्षानळीत मिळतं.

सातशे रुपयांची कंपनी

१८९२ साली, त्याच भाड्याच्या घरात, साधारण ७०० रुपयांच्या भांडवलावर बेंगाल केमिकलचं काम सुरू झालं. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी कारखाना. काही प्रयत्न फसलेही. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढून पाहिलं, परवडलं नाही.

माल बनवणं हे अर्धंच काम होतं. तो विकायचा कसा? दुकानदार विलायती लेबल मागायचे. देशी माल म्हणजे हलका, ही पक्की समजूत होती. इथं मदतीला आले डॉ. अमूल्यचरण बोस. ते या उद्योगात भागीदार झाले. त्यांनी आपल्या डॉक्टर मित्रांना देशी औषधं लिहून द्यायला राजी केलं. राधागोविंद कर, नीलरतन सरकार अशा मोठ्या डॉक्टरांचा पाठिंबा मिळू लागला. विलायती पद्धतीच्या औषधांबरोबर अडुळसा, कुडा, ओवा अशा घरोघरी माहीत असलेल्या वनस्पतींपासूनही औषधं बनू लागली.

आणि मग दोन धक्के बसले. सतीशचंद्र सिन्हा हे तरुण रसायनतज्ज्ञ प्रयोगशाळेत अपघातानं हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होऊन गेले. १८९८ साली प्लेगनं अमूल्यचरण बोसांनाही नेलं. कॉलेज सांभाळून प्रफुल्लचंद्र जवळजवळ एकटे पडले. कंपनी बंद करणं सोपं होतं. पण ती त्यांनी चालू ठेवली.

१९०१ साली बेंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स ही मर्यादित कंपनी झाली. देशातली पहिली औषध कंपनी म्हणून आज तिचंच नाव घेतलं जातं. १९०५ साली माणिकतल्याला मोठा कारखाना उभा राहिला. ज्या भागात पोलिसांनी खुनाचा संशय घेतला होता, तोच हा भाग.

पाऱ्यावरचे पिवळे स्फटिक

या सगळ्या धावपळीत त्यांच्या हातून त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध लागला. तोही एक क्षार बनवताना.

त्यांना पाऱ्याचा एक विरघळणारा क्षार हवा होता, मर्क्युरस नायट्रेट. त्यापासून पुढं कॅलोमेल हे त्या काळचं औषध बनवता येतं. पद्धत मोरचुदाच्या प्रयोगासारखीच. धातू जास्त, आम्ल कमी. पारा भरपूर घ्यायचा आणि त्यावर थंड, सौम्य नायट्रिक आम्ल ओतायचं. पारा जास्त ठेवला की हवा तोच क्षार मिळतो, दुसरा बनत नाही.

थोड्या वेळानं बघतात तर पाऱ्यावर पिवळे स्फटिक जमलेले.

एखाद्यानं प्रयोग बिघडला म्हणून भांडं धुऊन टाकलं असतं. त्यांनाही आधी वाटलं की हा नायट्रेटचाच एखादा आम्लारीधर्मी प्रकार असेल. पण असे प्रकार आम्ल कमी पडलं की बनतात. इथं तर आम्ल चांगलंच होतं. म्हणजे हिशोब जुळत नव्हता. त्यांनी स्फटिक वेगळे केले, त्यांचं पृथक्करण केलं आणि उत्तर आलं मर्क्युरस नायट्राइट. नायट्रेट नव्हे, नायट्राइट. नायट्राइट म्हणजे लगेच मोडून पडणारं प्रकरण आणि ते चक्क आम्लात टिकून बसलं होतं.

१८९६ साली हे काम एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि नेचरनं त्याची दखल घेतली. त्यानंतर वर्षानुवर्षं ते एकामागून एक नायट्राइट बनवत राहिले.

यातलं अमोनियम नायट्राइट सगळ्यात हट्टी. त्याचं पाण्यातलं द्रावण तापवलं की ते मोडतं, नायट्रोजन वायू निघून जातो आणि मागं पाणी राहतं. प्रयोगशाळेत नायट्रोजन बनवण्याची एक जुनी पद्धत याच गोष्टीवर चालते. मग असा क्षार आटवून शुद्ध कसा करायचा?

प्रफुल्लचंद्रांनी सिल्व्हर नायट्राइट आणि अमोनियम क्लोराइड यांची अदलाबदल घडवली. सिल्व्हर क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, ते गाळात गेलं. गाळलेल्या पाण्यात राहिलं फक्त अमोनियम नायट्राइट. ते पाणी उकळण्याऐवजी त्यांनी निर्वातात, कमी तापमानाला उडवलं. शुद्ध क्षार हाती आला. इतकंच नाही, तर तो न मोडता संप्लवनही पावतो, म्हणजे कापरासारखा थेट वाफ होऊन परत घन होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९१२ साली लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांनी हे काम मांडलं तेव्हा नोबेल विजेते विल्यम रॅमसे यांनी त्यांचं अभिनंदन केलं.

एकवीस वेळा गाळा, असं सांगणारा सुश्रुत

आपल्याकडं हे शास्त्र कधी नव्हतंच का, हा प्रश्न प्रफुल्लचंद्रांना सतावत होता. फ्रेंच शास्त्रज्ञ बर्थलो यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून त्यांना जोर मिळाला आणि त्यांनी जुन्या संस्कृत पोथ्या गोळा करायला घेतल्या. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली आला.

त्यात सुश्रुताची क्षार बनवण्याची कृती त्यांनी आवर्जून मांडली. जुन्या वैद्यकात क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेतून काढलेला अल्क, शाळेतल्या पुस्तकातला क्षार नव्हे. पण कृती ओळखीची वाटते. वनस्पती जाळून राख करायची, ती सहापट पाण्यात कालवायची, एकवीस वेळा गाळायची आणि मग ते पाणी आटवायचं. जास्त तीव्र हवा असेल तर त्यात भाजलेल्या चुन्याचा भाग घालायचा. विरघळवा, गाळा, आटवा. पायऱ्या त्याच.

पण प्रफुल्लचंद्र फक्त जुना अभिमान सांगून थांबले नाहीत. एवढं माहीत असलेल्या देशात हे शास्त्र थांबलं का, याचं त्यांचं उत्तर अनेकांना झोंबणारं होतं. जातिव्यवस्थेनं हाताचं काम खालच्या मानलेल्या लोकांवर टाकलं. भट्टी, धातू, रंग, कातडं ज्यांच्या हाती होतं त्यांना पोथी मिळाली नाही. पोथी ज्यांच्या हाती होती त्यांनी भट्टीला हात लावला नाही. दोघांची ताटातूट झाली आणि प्रयोग करून बघायची वृत्तीच संपली, असं त्यांनी मांडलं.

गच्चीवर हाडं घेऊन बसलेल्या माणसानं हे लिहिलं होतं, त्यामुळं त्याला वजन होतं.

गोखल्यांनी करून दिलेली ओळख

१९०१-०२ च्या हिवाळ्यात गांधीजी कलकत्त्यात साधारण महिनाभर गोपाळ कृष्ण गोखल्यांकडं मुक्कामाला होते. कौन्सिलच्या कामासाठी गोखले तेव्हा तिथं राहायचे आणि प्रफुल्लचंद्र जवळच राहत. त्यामुळं येणंजाणं रोजचं. गोखल्यांनी गांधीजींना त्यांची ओळख करून देताना सांगितलं ते एवढंच की या प्राध्यापकांना महिना ८०० रुपये पगार आहे, त्यातले ४० ते स्वतःला ठेवतात, बाकी लोकांच्या कामासाठी देतात. लग्न केलेलं नाही आणि करायचंही नाही.

हा हिशोब पुढंही बदलला नाही. १९१६ साली प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात गेले. १९२१ साली साठी पूर्ण झाल्यावर तिथला पूर्ण पगार विद्यापीठालाच परत द्यायला सुरुवात केली. राहायचे कॉलेजच्याच इमारतीतल्या एका खोलीत. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये पूर आला तेव्हा मदतकार्याचं नेतृत्व त्यांनी केलं. १९२४ साली इंडियन केमिकल सोसायटी सुरू झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर हे सगळे त्यांच्या वर्गात बसलेले विद्यार्थी.

१६ जून १९४४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

आज काय उरलंय?

त्यांची कंपनी आजही आहे. १९८० साली तिचं राष्ट्रीयीकरण झालं. मुंबईत प्रभादेवीला तिचा कारखाना १९३८ पासूनचा. तिथून जाणाऱ्या कित्येक मुंबईकरांना बेंगाल केमिकल हे नाव माहीत असतं, त्यामागचा माणूस मात्र माहीत नसतो. २०११ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं त्यांच्या कामाला केमिकल लँडमार्कचा मान दिला. युरोपबाहेर दिलेला हा पहिलाच.

बाकी, दरवर्षी शाळांच्या प्रयोगशाळेत मुलं मोरचूद बनवतात. बऱ्याच जणांना घाई असते, बर्नर मोठा करून पाणी उडवलं की संपलं. मग हाती निळसर-पांढरी भुकटी येते आणि जर्नलमध्ये मात्र सुंदर स्फटिकाचं चित्र काढलं जातं. ज्यांना खरंच स्फटिक हवा असतो, त्यांना द्रावण रात्रभर तसंच सोडून घरी जावं लागतं.